सावरडो स्टार्टरवर मसालेवाली फ्रूट ब्रेड : थंडी आहे तोवर करून घ्या

धरमपेठ_ओव्हन

मंडळी, थंडी पडली, स्टार्टर (पीठ-पाणी आंबवून केलेलं ब्रेडचं विरजण) माणसात आला, अन् ग्रुपवर एकेकीला तेच तेच टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून इथेच लिहून टाकते, तिथे सगळं वर सरकून जाते अन् मग पुन्हा विचारणा सुरू.

पहिले एक गोष्ट क्लिअर करते. साधी सावरडो ब्रेड (पाकिटातल्या यीस्टऐवजी स्टार्टरवर फुगवलेली) जमली म्हणजे हीपण जमेलच असं काही नाही. साधीत पीठ, पाणी, मीठ, बस. इथे साखर आहे, लोणी आहे, फळं आहेत अन् वरून दालचिनी-लवंग. साखर पिठाच्या दहा टक्क्यांच्या वर गेली की ती पाणी स्वतःकडे ओढते अन् यीस्टला पाणी कमी पडते, तो सुस्तावतो. दालचिनी अन् लवंगेतलं तेल तर सरळसरळ त्याच्या विरोधात काम करते, लोणच्या-मसाल्यात लवंग टिकाऊपणासाठी उगाच नाही टाकत. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी आपण ही ब्रेड खातो त्याच दोन स्टार्टरला नको असतात. मग करायचं काय तर स्टार्टरला आधीच तयार करायचं अन् मसाला पिठात न टाकता फळांना लावायचा. माझ्या लेखी अख्खी रेसिपी एवढीच आहे, बाकी मापं.

रात्री घट्ट गोड स्टार्टर बांधायचा : नेहमीचा स्टार्टर ३० ग्रॅम, मैदा ७५, पाणी ३५, साखर १२. पोळीच्या कणकेहून थोडा घट्टच गोळा होते, होऊ द्या. साखरेनं अन् घट्टपणानं आंबटपणा करणारे बॅक्टेरिया दबतात, यीस्ट त्यातल्या त्यात तगते, अन् त्याला गोडाची सवयपण होते. ओव्हन बंद, आतला लाईट चालू, त्यात रात्रभर. सकाळी दुपटीच्या वर गेला पाहिजे, नसेल गेला तर थांबा, पुढे जाऊ नका.

सकाळी मैदा ४००, कणीक (म्हणजे गव्हाचं कोरडं पीठ) १००, कोमट दूध २९० च्या आसपास (मैदा कोणता त्यावर, आधी २७० च टाका), साखर ६०, मीठ ९, अन् तो गोळा तुकडे करून. मळा, अर्धा तास झाकून ठेवा, पुन्हा मळा, मग ५० ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं करत. चिकट होते, घाबरून मैदा टाकत बसू नका, जमून येते. मग तासभरानं फळं. फळं आधीच टाकली तर मळताना ग्लूटेन (पिठाला ताण देणारी प्रोटीनची जाळी) फाटते, मनुकेही फुटून पीठ काळंनिळं होते.

फळं सगळी मिळून २५० ग्रॅमपर्यंत : काळे मनुके, बेदाणे, खजूर अगदी थोडा, अन् संत्र्याची पाकवलेली साल. आदल्या रात्री कोमट चहाच्या पाण्यात नाहीतर संत्र्याच्या रसात भिजवायची, सकाळी निथळून फडक्यावर कोरडी करायची. मग एक चमचा पातळ लोणी अन् सगळा मसाला त्यांना चोळायचा : दालचिनी दीड चमचा, सुंठ अर्धा, जायफळ पाव, वेलची पाव, लवंग चिमूट. चमचा म्हणजे चहाचा.

ओव्हनच्या लाईटमध्ये पाच-सहा-सात तास, जवळपास पावणेदोनपट होईस्तोवर. मग पीठ गुंडाळून, तूप लावलेल्या टिनात, परत तीनेक तास, टिनाच्या काठाला येईपर्यंत. १८० डिग्रीवर ४०-४५ मिनिटं, अर्ध्यात वरून फॉईल. घड्याळापेक्षा पीठ पहा, हे सगळे आकडे माझ्या स्वयंपाकघरातले आहेत.

मनीषनगरवाली

ताई, खूपच छान लिहिलं, पण माझा बेसिक प्रश्न, स्टार्टर तिसऱ्या दिवशी धबधबा फुगला होता, झाकण उडालं, आम्ही सगळे खूष, अन् आता दोन दिवसांपासून मेल्यासारखा पडून आहे, वास पण कसातरी, मोज्यांसारखा. फेकून देऊ का? सासूबाई म्हणते फेक म्हणून.

खमीर

फेकू नका!! याच दिवशी अर्धे लोक फेकतात. तिसऱ्या दिवशीचं ते फुगणं यीस्टचं नव्हतंच, पिठात आधीपासून असलेले दुसरे बॅक्टेरिया गॅस करतात, ल्यूकोनोस्टॉक वगैरे मंडळी. मग आंबटपणा वाढला की ते गप होतात, एकदोन दिवस सगळं शांत दिसतं, अन् त्याच आंबटपणात खरा यीस्ट आणि लॅक्टिक आम्लवाले बॅक्टेरिया हळूहळू बस्तान बसवतात. रोज अर्धा काढून तेवढंच पीठ-पाणी देत राहा, त्यात थोडी कणीक घाला, कोंड्यासोबत जंतूही येतात अन् खाणंही. आठवड्याच्या आसपास दही आणि पिकल्या फळासारखा वास यायला लागला की समजा लागला मार्गाला. गुलाबी नाहीतर केशरी रंगाची रेघ दिसली, किंवा बुरशीचा केसाळ डाग, तरच फेका, तिथे दयामाया नको.

आणि नळाचं पाणी सरळ नका वापरू, क्लोरीन असते, रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवलं की बरंचसं उडून जाते.

मनीषनगरवाली

थँक्यू दादा, सासूबाईला वाचून दाखवलं, ती म्हणे बघू.

इतवारी_किनारी

धागा चांगला आहे पण मला एक सांगायचं आहे, फळं कोणती घेता ते पहा. इतवारीत अन् मस्कासाथला पिवळेधम्मक चमकणारे बेदाणे ढिगानं असते, दिसायला भारी, पण तो रंग टिकायला त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते अन् तेच गंधक यीस्टला जमत नाही. खायला काही हरकत नाही हो, पण ब्रेडमध्ये टाकताना गरम पाण्यातून दोनदा काढून घ्या. काळ्याला सहसा तो प्रॉब्लेम नाही. अन् ते लाल-हिरवे टूटीफ्रूटी म्हणजे कच्च्या पपईचे तुकडे साखरेत घालून रंगवलेले, चव म्हणाल तर नुसती साखर, ते टाकायचं असेल तर आधी सावरडोची एवढी झंझट तरी काहून करायची?

दालचिनीचंही तसंच. किराण्यात जी जाड सालीची मिळते ती बहुतेक कॅसिया असते, तिखट अन् जोरदार. पातळ पापुद्र्यांची सिलोनवाली वेगळी, गोडसर. जाडवाली असेल तर ताईनं सांगितलेल्या दीड चमच्याच्या वर जाऊ नका.

धरमपेठ_ओव्हन

टूटीफ्रूटीबद्दल अगदी अगदी. हो, माझ्या मापात कॅसियाच धरली आहे.

संत्र्याच्या सालीचं सविस्तर लिहायचं राहिलं होतं ते आता लिहिते, कारण माझ्या मते ही ब्रेड नागपुरात करायचं खरं कारण तेच आहे. बाहेरच्या रेसिप्यांमध्ये जाड सालीचं संत्रं धरलेलं असते, त्याचा पांढरा गर अर्धा सेंटीमीटर. आपलं नागपुरी सैल सालीचं, हातानं सोललं की सुटते, साल पातळ, पांढरं अगदी कमी, पण तेल भरपूर अन् कडूपणा लवकर बोचते. म्हणून त्या रेसिप्या जशाच्या तशा केल्या तर साल एकतर विरघळून जाते नाहीतर कडू राहते. मी काय करते, साली गरम पाण्यात ब्रशनं घासून धुते, बोटभर पट्ट्या कापते, थंड पाण्यात टाकून उकळी आणते, पाणी फेकते, असं तीन वेळा, पण प्रत्येक वेळी उकळी आली की दोन मिनिटांत बंद, जास्त नाही. मग साखर अन् पाणी समसमान, मंद आचेवर पट्ट्या काचेसारख्या दिसेपर्यंत. ढवळायचं नाही, भांडं हलवायचं. जाळीवर एक दिवस वाळवायच्या. उरलेला पाक फेकू नका, ब्रेड गरम असतानाच वरून ब्रशनं लावला की जी चकाकी येते!

अंबिया बहाराची (संत्र्याच्या दोन हंगामांतला पहिला) फळं दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत असतात, म्हणजे नाताळच्या ब्रेडला बरोब्बर. मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये, ती जास्त गोड, तेव्हा साली करून बरणीत भरून ठेवते.

पुण्यात_नागपूरकर

संत्र्याचं वाचून घरची आठवण आली. इथे पुण्यात 'नागपुरी' म्हणून जे विकतात ते बघून रडू येतं. २०१४ मध्ये जीआय टॅग (त्या भागाच्याच मालाला ते नाव लावायचा हक्क) मिळाला, पण हातगाडीवाल्याला कोण विचारतो.

थोडं विषयाला सोडून, पण वाचताना वाटलं, आपण याला फार नवीन फॅड समजतो. पाकिटातलं यीस्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात आलं, त्याआधी जगातली झाडून सगळी गोड फळांची ब्रेड अशाच आंबवणावर नाहीतर बिअरच्या फेसावर व्हायची. मिलानचा पॅनेटोने आजही चांगल्या ठिकाणी घट्ट सावरडोवरच करतात, आणि भट्टीतून काढला की उलटा टांगतात, कारण त्यात लोणी आणि अंड्यातला बलक इतका असतो की सरळ ठेवला तर स्वतःच्याच वजनाने बसतो. ड्रेस्डेनचा स्टोलन, आयर्लंडचा बार्मब्रॅक, इंग्लंडातले गुड फ्रायडेचे क्रॉस बन, सगळे एकाच कुळातले. आणि आपल्याकडे गोव्यात पोदेर (पाव भाजणारे) लोक माडाच्या सुरेवर, म्हणजे ताडीवर पाव फुगवायचे. त्यामुळे इडलीचं पीठ आंबवणाऱ्या घराला हे अवघड वाटायचं कारण नाही.

कामठी_लाईन

सगळं खरं पण माह्या मते फ्रूट ब्रेडला आंबट चव शोभतच नाही. सावरडो म्हणजे आंबट, अन् गोड ब्रेड आंबट लागली की लोक म्हणते शिळी आहे. यीस्टची करा ना, तीन तासात मोकळे. उगा हौस.

धरमपेठ_ओव्हन

भाऊ, म्हणूनच तर गोड घट्ट स्टार्टर आहे! नीट झाला तर आंबट लागतच नाही, दह्याच्या साईइतकाच हलका अंदाज येतो, अन् तेवढा हवाच, नाहीतर खजूर-मनुक्यानं नुसती गोडमिट्ट होते. आंबट लागली तर दोनच कारणं, स्टार्टर उतरून गेल्यावर वापरला किंवा पीठ फार गरम जागी ठेवलं. हौस तर आहेच पण टिकतेही जास्त, आंबटपणामुळे बुरशी उशिरा धरते.

खमीर

गरम जागेवरून आठवलं. यीस्टला साधारण २५ ते २८ डिग्री आवडते. ३२ च्या वर गेलं की बॅक्टेरिया पुढे पळतात, आम्ल वाढते, पिठातले प्रोटीन तुटायला लागतात अन् गोळा हातात ओघळतो. आपल्याकडे मार्च संपता संपताच घरात तेवढं होते, मे महिन्यात तर बाहेर ४५ अन् कूलरच्या खोलीतही दमट गरम. म्हणून मी म्हणतो ही ब्रेड नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारीची आहे. उन्हाळ्यात हट्ट असेलच तर पीठ फ्रीजच्या थंड दुधात मळा, तासदीड तास बाहेर, मग सरळ फ्रीजमध्ये रात्रभर, अन् स्टार्टरला १:१:१ (स्टार्टर:पीठ:पाणी) च्या ऐवजी १:५:५ खाऊ घाला, नाहीतर दुपारपर्यंत उपाशी मरते.

गुड फ्रायडेचे बन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, ते नेमके त्या तापत्या दिवसांत येतात. क्रॉस म्हणजे फक्त मैदा-पाण्याची दाट पेस्ट, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून त्यातून ओढायची, आयसिंग नाही.

गडचिरोलीकर

वाचून राहिलो कधीचा. कोणी मोहफुलं टाकून पाहिली का? माह्या आईकडं वाळवलेली असते नेहमी. मनुक्याच्या जागी अर्धी मोहफुलं टाकली तर वास असा येते की शेजारचे विचारते. फक्त तयारी नीट लागते : तीनचार पाण्यात धुवायची कारण वेचलेली असते, माती-रेती निघतेच, मग फुलाच्या आतले पुंकेसर बोटानं दाबून काढायचे, ते तोंडात टोचते. कढईत जराशी परतून घ्यायची, कच्चा उग्र वास कमी होते. भिजवायची मात्र फार नाही, विसेक मिनिटं, नाहीतर लगदा.

मसाल्यात मंग दालचिनी कमी अन् सुंठ-वेलची जास्त, दालचिनीखाली मोह दबून जाते. वरून चारोळी दाबून लावायची, आपल्या जंगलातली.

धरमपेठ_ओव्हन

अरे बाप्पा, हे भारी आहे! मोहात साखर स्वतःची भरपूर, त्यामुळे पिठातली साखर ६० ची ४० करून पाहीन. गडचिरोलीवाल्यांनी फोटो टाकायचा मात्र.

इतवारी_किनारी

कणीक जास्त घालून करता येते का कोणी सांगा, घरी शुगरवाले आहेत. बन्सी गहू आहे घरी पोतंभर.

खमीर

बन्सी नको. तो ड्यूरम (कडक गहू) गटातला, दलिया-शेवयांना उत्तम, पण त्याचं ग्लूटेन ब्रेडला हवा तसा गॅस धरून वर येत नाही. लोकवन घ्या, बारीक दळून चाळून. अर्धी कणीक अर्धा मैदा इथपर्यंत ब्रेड खाण्यासारखी होते, पाणी २०-३० ग्रॅम जास्त लागते. त्याच्यापुढे कोंड्याच्या धारदार कडा ग्लूटेन कापतात अन् बुटकी वीट निघते. पण शुगरवाल्यांसाठी म्हणाल तर खोटा दिलासा नको, यात मनुके-खजूर पाव किलो आहेत, कणकेनं ते काही बदलत नाही. पातळ एक स्लाईस, बस.

मनीषनगरवाली

स्टार्टर फुगला!!! खरंच दह्यासारखा वास येते आता. सासूबाई रोज सकाळी आधी तोच पाहते, मग चहा.

ब्रेड पण केली काल. वरून मस्त, पण फळांच्या आजूबाजूला ओलसर, कच्च्यासारखं राहिलं अन् वरचे मनुके जळून कोळसा, कडू. काहून झालं असं? ४० मिनिटं ठेवली होती.

धरमपेठ_ओव्हन

वा! ओलसर म्हणजे फळं निथळली पण कोरडी केली नसतील, फडक्यात गुंडाळून दाबून घ्यायची, अन् चोळल्यावर वाटलंच तर चमचाभर मैदा भुरभुरवायचा. दुसरं, गरम असताना कापली का? दोन तास तरी हात लावायचा नाही, आतली वाफ बसते तेव्हाच कापाची जाळी पक्की होते. थर्मामीटर असेल तर मधोमध ९३ ते ९५ डिग्री पाहिजे, नसेल तर सुरी घालून भरवसा ठेवू नका, मनुक्याला लागून ती ओलीच निघते, टिन काढून बुडाला टिचकी मारा, पोकळ आवाज आला पाहिजे.

वरचे मनुके जळणारच. गुंडाळल्यावर वर दिसणारे सगळे उपटून बुडाखाली खुपसायचे. किंवा अजून चांगलं, थोडा फळं नसलेला गोळा आधीच बाजूला ठेवायचा, तो पातळ लाटून सगळ्याला पांघरुणासारखा गुंडाळायचा.

उपासाचं_काय

एकादशीला चालेल का? मैदा आहे माहीत आहे, तरी विचारतो.

इतवारी_किनारी

नाही. पुढचा प्रश्न.

कामठी_लाईन

बरं, मी पण केली, शनिवारी. आंबट नाही लागली हे कबूल. पण वेळ? बायको म्हणे एवढ्यात वडाभात दोनदा झाला असता. यीस्टच्या बाजूनं माझं मत आहे तिथंच आहे, फक्त तिसऱ्या दिवशी तव्यावर तूप लावून भाजली तेव्हा मात्र यीस्टवाली अशी लागत नाही, हे म्हणतो. आता उन्हाळ्यात या स्टार्टरचं काय करायचं ते सांगा, रोज खाऊ घालायला मी मोकळा नाही.

खमीर

वाळवून ठेवा. चांगला फुगलेला असताना बटर पेपरवर अगदी पातळ थापा, पंख्याखाली सावलीत, आपल्या कोरड्या हवेत लवकर पापडासारखा सुकतो. उन्हात नाही, गच्चीवर फरशी तापली की ५० च्या वर सहज जाते अन् यीस्ट मरून जाते. चुरा करून काचेच्या बरणीत, हवाबंद, अंधारात. काही महिने आरामात राहते. नोव्हेंबरात चमचाभर चुरा तेवढ्याच कोमट पाण्यात भिजवून पीठ द्यायला लागा, तीनचार दिवसांत उठून बसते. पावसाळ्यात वाळवायचा प्रयत्न करू नका, आधी बुरशी येते.

मनीषनगरवाली

माझ्याकडे ओटीजी (साधा छोटा ओव्हन) नाही, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे, आतापर्यंत त्यातच केली, टायमिंग बदलायचं का? अन् बहिणीकडे तर तेही नाही, कुकर आहे फक्त.

धरमपेठ_ओव्हन

कन्व्हेक्शनमध्ये पंखा असते, वरून लवकर लाल करते अन् आतून मागे राहते, तुझे मनुके जळायचं तेही एक कारण. १६५-१७० वर ठेव, पंधरा-वीस मिनिटांतच फॉईल, अन् टिन खालच्या स्टँडवर. वेळ थोडा वाढेल.

बहिणीला म्हणा कुकरची शिटी अन् रिंग काढायची, तळाला मीठ, त्यावर रिंग स्टँड, झाकून दहा मिनिटं मंद तापवायचा, मग टिन, अन् पाऊण ते एक तास अगदी बारीक आचेवर. पाणी नाही घालायचं. वरून रंग येत नाही, तेव्हा निघाल्यावर तव्यावर उलटी करून दोन मिनिटं, किंवा तो संत्र्याचा पाक लावून तशीच.